दसरा ते दिवाळी, दोन पोट्टे आणि नागपूर : कुठे न्यावं, कुठे नेऊ नये?

दोन_पोट्ट्यांची_आई | १९ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. दोघं झोपले, म्हणून लिहायला बसले आहे. मोठा साडेतीन वर्षांचा, धाकटा पावणेदोनचा. राहतो प्रतापनगरला. सासू-सासरे अमरावतीला, माहेर यवतमाळ, त्यामुळे घरी आम्ही चौघंच.

तान्हा पोळा दणक्यात झाला. मोठ्याने लाकडी नंदी ओढत कॉलनीतली सोळा घरं केली. बोजारा मिळाला तो मुठीतून सोडेना, आंघोळीलाही नोटा हातात. धाकटा नंदीचं शिंग चावत मागे मागे. आता नंदीचं एक चाक निघालं आहे आणि रोज सकाळी उठल्याबरोबर एकच प्रश्न, "आई, आता कोणता सण?"

तर विचारायचं असं. दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवरच्या रावणदहनाला न्यावं का? नवरा म्हणतो, न्यायचंच. तो लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघायचा, त्याला अजून आठवतं. पण आमचा मोठा मिक्सर लावला की पलंगाखाली जातो. मिक्सरला भिणाऱ्या पोराला रावण कशाला दाखवायचा, असं मी म्हटलं, आणि त्यावरून दोन दिवस घरात वातावरण जरा गरम आहे.

शिवाय दसरा ते दिवाळी या महिन्यात अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारख्या जागाही सांगा. मॉल नको. पोरं लहान म्हणून महिनाभर घरात बसायचं नाही, आणि त्यांना फरफटत न्यायचंही नाही. एवढंच पाहिजे.

तर्री_जास्त | १९ सप्टेंबर, रात्री ११:२४

दोन पोट्टे असलेल्या घरात लंका आधीच असते. रावणाला तिकडून इकडे बोलवा, त्याला घरच्यासारखं वाटेल.

झिरोमाईल | २० सप्टेंबर, सकाळी ७:३५

मी भाच्याला नेलं होतं, तेव्हा तो चारचा. काय झालं ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

साडेपाचला पोचलो. जागा चांगली मिळाली, रावण समोर उभा, पोरगं खूश. "मामा, त्याच्या मिशा बघ!" इथपर्यंत मस्त. मग दीड-दोन तास नुसती वाट बघणं. पाणी संपलं, शू लागली, गर्दीतून बाहेर पडायला वाट नाही. शेवटी रिकामी बाटली कामी आली. आणि पेटवल्यावर आतले फटाके सुरू झाले तसं त्याने माझ्या मानेत जे तोंड खुपसलं, ते रावण खाली येईपर्यंत वर केलंच नाही. त्याने पाहिलं काय, तर माझी कॉलर. निघताना त्याहून वाईट, कारण अख्खं मैदान एकाच वेळी निघतं.

घरी येऊन आईला काय सांगावं? "रावणाला मिशा होत्या." म्हणजे जे बघायचं ते त्याने साडेपाचलाच बघून घेतलं होतं. पुढचे तीन तास आम्ही आमच्या हौसेसाठी थांबलो.

म्हणून सांगतो, चार वाजता जा. उभा रावण दाखवा, फुगा घेऊन द्या, परत या. कस्तुरचंद पार्कला मेट्रोचं स्टेशनच आहे, गाडी नेऊच नका.

वर्धा_रोडवाला | २० सप्टेंबर, सकाळी ९:०२

थोडा असहमत. माझी मुलगी तीन वर्षांची असताना नेली होती, तिने टाळ्या पिटल्या आणि "अजून एक जाळा" म्हणाली. प्रत्येक पोराचं वेगळं असते. आपणच आधीपासून "घाबरेल, घाबरेल" करत राहिलो की ते घाबरणारच. ताईंच्या मिस्टरांना माझा पाठिंबा कळवा.

झिरोमाईल | २० सप्टेंबर, सकाळी ९:१५

"अजून एक जाळा" म्हणणाऱ्या मुलीला घाबरण्याची गरज नाही, तुम्हालाच आहे.

निळी_पहाट | २० सप्टेंबर, दुपारी १:४०

जय भीम. दसऱ्याच्या दिवशीचं नागपूर म्हणजे फक्त रावण नाही, म्हणून लिहितो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली आणि दिली, तो दसऱ्याचा दिवस होता. आम्ही अशोक विजयादशमी म्हणतो. आमचे आजोबा उमरेडकडून आले होते. पांढरे कपडे पाहिजे म्हणून आजीने शेजारणीचं लुगडं मागून आणलं होतं, आणि ते परत करताना शेजारीण म्हणाली, राहू दे, आता ते तुझंच. ते लुगडं आमच्याकडे अजून आहे.

दीक्षाभूमीवर आम्ही दरवर्षी जातो, पोरांसकट. पण लाखो लोक येतात, गर्दी दोन-तीन दिवस आधीपासून असते. सवय नसेल तर इतक्या लहान दोघांना त्या दिवशी आणू नका, हे मीच सांगतो. यायचंच असेल तर पहाटे या. बाबागाडी नाही चालत, छातीशी बांधायची झोळी घ्या. मुलाच्या हातावर बॉलपेनने मोबाईल नंबर लिहून वरून रंग नसलेलं नेलपॉलिश लावा, घामाने जात नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरूनच ठरवून निघा.

नाहीतर दिवाळीनंतर एखाद्या साध्या दिवशी सकाळी या. स्तूप बाहेरून भरीव वाटतो, पण आत पूर्ण पोकळ आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना आत शिरला आणि मान वर करून इतका वेळ बघत राहिला की मागच्या मागे बसला. बाहेर बोधिवृक्षाखाली पानं वेचायला मिळतात. अर्धा तास सहज जातो, आणि एक रुपया लागत नाही.

दोन_पोट्ट्यांची_आई | २० सप्टेंबर, रात्री १०:५०

निळी_पहाट, लुगड्याची गोष्ट दोनदा वाचली. आम्ही दिवाळीनंतर नक्की येऊ. नेलपॉलिशची युक्ती आजच करून पाहिली. मोठा म्हणतो, "बाबांच्या हातावर पण लिही, बाबा हरवते." बाबांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

धंतोलीची_आजी | २१ सप्टेंबर, सकाळी ६:१०

पोरी, नातवाकडून अक्षर मोठं करून घेतलं आणि सगळं वाचलं.

तुझं लेकरू विचारते, आता कोणता सण. अगं, चालूच आहे की! भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली, ती कोजागिरीपर्यंत असते. आता कोणाला वेळ राहिला नाही, कोणी नवरात्रातच मांडतात, कोणी एकच दिवस. आमच्या वेळी महिनाभर रोज संध्याकाळी घरोघरी. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर. टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची आणि मग खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजलं तर दाणे-फुटाणे, थपथप वाजलं तर शिरा, काहीच वाजलं नाही तर साखर भुरका.

मुलींचा सण म्हणतात, पण मला दोघंही मुलगेच. दोघं खिरापतीसाठी पुढच्या रांगेत. एकदा मी जपून वाटली डाळ केली, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून डब्यावर तीन फडके बांधले. मुली विचार करून राहिल्या, आणि माझा धाकटा उठून म्हणतो, "डाळ आहे. आईने मिरची जास्त टाकली." त्या वर्षी आम्हाला कोणी ओळखायला ठेवलंच नाही, आल्या आल्या सगळ्या "काय रे बाबू?" म्हणून त्यालाच विचारायच्या.

आजूबाजूला भुलाबाई कुठे बसते ते विचार आणि पोरांना घेऊन जा. मुलगे आणलेस म्हणून कोणी काही म्हणणार नाही. आणि रावण दाखवायचाच तर घरी खोक्याचा कर. पन्नास रुपयांत होतो.

मूळपुणेकर | २१ सप्टेंबर, सकाळी ८:३०

आजी, आमच्याकडे हाच प्रकार भोंडला. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात. नागपूरला आले तेव्हा भुलाबाईचं आमंत्रण मिळालं आणि मला वाटलं, शेजारच्या कोणी भुलाबाई नावाच्या आजींचा वाढदिवस आहे. भेटवस्तू घेऊन गेले होते हो!

तर्री_जास्त | २१ सप्टेंबर, सकाळी ८:४१

भेट काय नेली होती ते सांगा.

मूळपुणेकर | २१ सप्टेंबर, सकाळी ८:४४

शाल.

लोखंडी_रूळ | २१ सप्टेंबर, दुपारी ४:१५

रेल्वेवेड्या मुलाचा बाप इकडे. जागा विचारल्या आहेत त्यावर कोणीच बोलून राहिलं नाही, म्हणून आमची ठरलेली फेरी देतो. वर्षात पाचदा झाली आहे, पोरगं कंटाळत नाही, आम्ही कंटाळलो.

सकाळी सीताबर्डीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो घ्यायची. झिरो माईल, कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम, कडबी चौक. गड्डीगोदामला खिडकीपाशी उभं राहा. तिथे सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वेचा पूल, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो. वरून जाताना खालून मालगाडी गेली तर पोराच्या दृष्टीने दिवाळी तिथेच झाली. आम्ही एकदा स्टेशनवर उतरून नुसती मालगाडीची वाट बघत पाऊण तास उभे होतो. अठ्ठावन्न डबे. मी नाही, त्याने मोजले. एकोणतीसनंतर परत एकपासून मोजतो, म्हणून दोनदा एकोणतीस.

कडबी चौकात उतरलं की मोतीबागेत नॅरो गेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ सालचं. अडीच फुटी रुळांवरची छोटी इंजिनं, डबे, जुने कंदील. मोठ्या इंजिनापुढे पोरं बिचकतात, हे इंजिन त्यांच्या मापाचं वाटतं. आतली छोटी गाडी चालू आहे का ते फोन करून विचारून जा, नाहीतर गेटवरच भोकाड. बायकोचं माहेर भिवापूर, त्यामुळे नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीत ती वाढली. २०१९ साली ती गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. संग्रहालयातल्या डब्याच्या लाकडी बाकावर ती दरवेळी दोन मिनिटं बसते आणि आम्ही दोघं बाहेर थांबतो.

सीताबर्डीकर | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

सीताबर्डीचा किल्ला कोणी सांगितला नाही? पोरांना तोफा दाखवा. तिथून जवळच झिरो माईलच्या खांबापाशीचे घोड्यांचे चार पुतळे पण होऊन जातात.

झिरोमाईल | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

दादा, किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. आम जनतेला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, एवढेच दिवस. ऑक्टोबरात गेलात तर बाहेरची भिंत दिसेल. घोडे मात्र बारा महिने उभे आहेत.

सीताबर्डीकर | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३१

बर्डीत राहून हे मला आत्ता कळते. आयडी बदलतो.

अंबाझरी_लेआउट | २२ सप्टेंबर, सकाळी १०:०५

लेकीला आम्ही दर पावसाळ्यात अंबाझरीचा ओव्हरफ्लो दाखवायला न्यायचो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो ओव्हरफ्लोच आमच्याकडे आला. गुडघ्यावर पाणी, फ्रिज आडवा, तिचा तान्ह्या पोळ्याचा नंदी तरंगत स्वयंपाकघरात. आता ती सात वर्षांची आहे आणि तलावाकडे चल म्हटलं की चप्पल घालत नाही. तलावाला नेऊ नका असं म्हणत नाही, नंदीचा विषय निघाला म्हणून आठवलं. तो नंदी वाचला. रंग गेला.

काटोलचा_संत्रा | २२ सप्टेंबर, दुपारी १२:१२

अवो ताई, काऊन येवढं टेन्शन घेऊन रायल्या? पोट्ट्यायले बगीच्यात सोडून द्या. दिवाळीच्या आगंमागं अंबिया बहाराचा संत्रा तयार होते. वळखीचा शेतकरी पाहा, काटोल, कळमेश्वर, नरखेड, कोठीबी. गेल्या साली पुतन्या आला होता, तीन वर्साचा. त्याले वाटे संत्रं फ्रिजमंधी लागते. झाडाले पाहून म्हने, "काका, इथं कोनी लटकवले?"

एक ध्यानात ठेवा. संत्रं ओढून तोडू नका, देठाजवळची साल फाटते आन फळ सडते. देठापाशी कातरीनं कापाचं. पोट्ट्याच्या हाती कातर देऊ नका, फळ धराचं काम त्याचं, कापाचं तुमचं. आन साल हिरवी दिसली म्हनून आंबट समजू नका. रंग थंडी पडल्यावर येते, गोडी आंधी येते.

नाईट_ड्यूटी | २२ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून थोडं कामाचं. हे महिने डेंग्यूचे. बागेत, तलावाकाठी न्या, पण पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. तो डास दिवसा चावतो, संध्याकाळची वाट पाहत नाही. दुपारचं ऊन ऑक्टोबरात परत चढतं, म्हणून सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन असो की महाराजबाग, सकाळी दहाच्या आत उरका.

आवाजाचं म्हणाल तर मिक्सरला भिणारं पोर भित्रं नसतं, त्याला आवाज सोसत नाही एवढंच. मागच्या नवरात्रात एका सोसायटीच्या गरब्यात मी स्वतः स्पीकरपासून दहा फुटांवर झोपलेलं तान्हं बाळ पाहिलं. आई म्हणाली, "बघा, किती शांत झोपलाय!" झोपला म्हणजे कानाला त्रास नाही, असं नसतं.

दिवाळीचं आत्ताच सांगून ठेवते. आमच्याकडे भाजून येतात त्यात फुलबाजीवाले बरेच असतात. तिचं तोंड हजार अंशांच्या आसपास तापतं. विझलेली तार खाली टाकतात आणि बाळ अनवाणी त्यावर पाय ठेवतं. पाण्याची बादली शेजारी ठेवा, तार थेट बादलीत. आणि सापाची गोळी "निरुपद्रवी" म्हणून पोरांना देतात, ती तर देऊच नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सगळ्यात जास्त बारीक कण सापाच्या गोळीतून निघाले, लडीपेक्षाही जास्त.

वर्धा_रोडवाला | २२ सप्टेंबर, दुपारी ३:५२

सापाची गोळी?! आम्ही बालपणी पालथे पडून नाक लावून बघायचो ती.

तर्री_जास्त | २२ सप्टेंबर, दुपारी ३:५५

त्याचे परिणाम या धाग्यावर दिसून राहिले.

रामटेकचा_वांदर | २४ सप्टेंबर, रात्री ९:२०

रामटेकला या की. पन्नासेक किलोमीटर. गडावर गाडी जाते, खाली खिंडसी तलावात होडी. फक्त वांदरांचं लक्षात ठेवा. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. मेहुण्याच्या पोराने केळ घट्ट धरून ठेवलं, वांदराने ते सोलून आतलं नेलं. साल पोराच्या हातातच! तो रडला नाही, आम्हाला साल दाखवत म्हणाला, "त्याने मला पण ठेवलं."

त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा बघायची असेल तर या पोरांना दहाएक वर्षांनी आणा.

जुळ्यांची_माय | २८ सप्टेंबर, रात्री ११:४५

विषय थोडा बाजूला नेते. कोजागिरी आली. आमच्याकडे सासूबाई ज्येष्ठ अपत्याची आश्विनी करतात, म्हणजे घरातल्या पहिल्या मुलाला ओवाळायचं, नवे कपडे वगैरे. मला जुळे मुलगे, आता तीन वर्षांचे. पहिला सात मिनिटांनी मोठा. सासूबाई म्हणतात, सात मिनिटं काय आणि सात वर्षं काय, मोठा तो मोठा. तुमच्याकडे काय करतात?

मूळपुणेकर | २९ सप्टेंबर, सकाळी ७:५०

आमच्याकडेही ज्येष्ठालाच. मी ज्येष्ठ आहे, त्यामुळे प्रथेबद्दल माझी काही तक्रार नाही.

लोखंडी_रूळ | २९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

मी धाकटा. वय एक्केचाळीस. दादाला ओवाळताना मला ताटातला दिवा वाऱ्यापासून झाकायला उभं करायचे. अजून कोजागिरीला दुधाचा पहिला कप मीच उचलतो, आणि सगळ्यांना कळतं का ते.

धंतोलीची_आजी | २९ सप्टेंबर, सकाळी ८:४०

सासूबाईंना म्हण, आश्विनी मोठ्याचीच करा, पण ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवायच्या आत धाकट्याला पण कुंकू लावा. प्रथा मोडत नाही. मी केलं आहे, माझ्या सासूसमोर. तिने पाहिलं आणि पाहिलं नाही.

वर्धा_रोडवाला | २९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

असं सगळ्यांना सारखं वाटत बसलो तर मग ज्येष्ठाला काय राहिलं? एक दिवस दुसऱ्याचा असतो हे पोरांना कळू द्या ना. वाढदिवसाला पण दोघांना केक कापायला लावतात, ते मला पटत नाही.

जुळ्यांची_माय | २९ सप्टेंबर, सकाळी ९:३०

भाऊ, आमच्याकडे वाढदिवस एकच असतो.

वर्धा_रोडवाला | २९ सप्टेंबर, सकाळी ९:३३

हो. ते लिहिल्यावर लक्षात आलं.

दोन_पोट्ट्यांची_आई | ३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

दसऱ्याचा अहवाल. सल्ला तुम्ही सगळ्यांनी दिला, आता परिणामही ऐका.

आजी, तुमच्या म्हणण्याप्रमाणे घरी रावण केला. वॉशिंग मशीनचं खोकं, डोक्यांना कागदी प्लेटा. प्लेटा दहा होत्या, एक धाकट्याने भिजवून खाल्ली, त्यामुळे रावण नऊ तोंडांचा. मिशा मोठ्याने स्वतः काढल्या, सगळ्या तोंडांना, त्यातल्या दोन कपाळावर आल्या. नवऱ्याने हौसेने खालच्या पोरांना सांगून ठेवलं, संध्याकाळी सातला गच्चीवर रावणदहन.

दुपारी झिरोमाईल म्हणाले तसं सुभाषनगरहून मेट्रो घेतली, सीताबर्डीला बदलली, चारला कस्तुरचंद पार्कवर. मोठा रावण उभा होता. आमच्याने बराच वेळ न बोलता बघितलं. मी हात घट्ट धरून ठेवला होता, आता रडेल मग रडेल. तर विचारतो, "आई, याची आई कुठे आहे?" मला काही सुचलं नाही. म्हटलं, घरी. "मग हा इथे एकटा कशाला आला?" नवरा म्हणाला, चला, फुगा घेऊ.

घरी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं. आमचा रावण जाळायचा नाही. गच्चीवर सतरा पोरं जमली, काडेपेटी तयार, आणि हा खोक्याच्या पोटाला मिठी मारून बसला. मोठी पोरं चिडली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी दोन फुलबाज्या लावून वेळ निभावली. (हो नाईट_ड्यूटी, बादली ठेवली होती.)

आज सोनं वाटायला निघालो. पान हातात दिलं तर मोठा म्हणतो फुलपाखरू. सगळ्यांना एकेकच दिलं, मोजून. वॉचमनदादांना, इस्त्रीवाल्या काकांना, कुत्र्याला, आणि शेवटचं रावणाला. धाकट्याने स्वतःचं पान गिळायचा प्रयत्न केला, अर्धं बाहेर काढलं. रावण सध्या बाल्कनीत आहे. सकाळी त्याला दूध-बिस्कीट दाखवावं लागतं.

भुलाबाईचं कळवायचं राहिलं. मागच्या गल्लीत एकीकडे बसते, मंगळवारी गेलो होतो. डबा हलवायच्या आधीच धाकट्याने झाकण काढलं.

झिरोमाईल | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

"हा इथे एकटा कशाला आला." भाच्याला वाचून दाखवलं. तो आता नऊचा आहे. म्हणतो, मला तर तेव्हा फक्त मिशा दिसल्या.

निळी_पहाट | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

पानं खरी आपट्याची होती का? बाजारात कांचनाची पानं सर्रास आपटा म्हणून विकतात, दोघांची जोडपानं सारखीच दिसतात. अर्धं पोटात गेलं आहे म्हणून विचारलं. घाबरायचं कारण नाही.

धंतोलीची_आजी | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

नऊ तोंडांचा रावण घरात ठेवू नये गं, विषम आकडा. एक प्लेट लाव.

दोन_पोट्ट्यांची_आई | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

काल कोजागिरी गच्चीवर केली. लवकर, आठलाच, कारण चंद्र माथ्यावर येईपर्यंत आमच्याकडे कोणी जागं राहत नाही, मीसुद्धा.

मोठ्याला पाटावर बसवलं, टोपी घातली, ओवाळलं. ताट खाली ठेवायच्या आत धाकट्याला कुंकू लावायचं मनात होतं, पण फोन वाजला, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, आणि मी विसरले. धाकटा पाटाशेजारी उभा राहून हुंदके देऊन राहिला. मोठ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटाने पुसलं आणि त्याच्या नाकावर लावलं. पूर्ण नाक लाल. धाकट्याचं रडणं थांबलं. मग त्याने तेच बोट चाटलं.

सासूबाई फोनवरून म्हणाल्या, "काय झालं गं? दिसलं नाही." मी म्हटलं, काही नाही, दूध उतू जात होतं.

लोखंडी_रूळ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

हे माझ्या दादाला पाठवलं आहे. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

जुळ्यांची_माय | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

आमच्याकडे दोघं एकाच पाटावर बसले आणि सासूबाईंनी डोळे मिटून ओवाळलं. "मला कोण कोण ते ओळखू येत नाही," म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

दोन_पोट्ट्यांची_आई | १५ ऑक्टोबर, दुपारी २:२०

दिवाळीची साफसफाई चालू आहे, आणि बाल्कनीतल्या रावणाचं काय करायचं हा गंभीर प्रश्न आहे. पावसाने दोन तोंडं लोंबली. रद्दीवाला न्यायला तयार आहे, पण मोठा दाराशी बसून आहे. नवरा, जो न्यायचंच म्हणत होता तोच, आता "राहू दे ना, त्याच्यावर पणत्या लावू" म्हणतो. खोक्यावर पणत्या! मी एकटी शहाणी आहे या घरात.

नाईट_ड्यूटी | १५ ऑक्टोबर, दुपारी २:३५

पणत्या नको. बॅटरीची माळ लावा.

काटोलचा_संत्रा | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०८

बगीच्यात आनून ठेवा त्याले. बुजगावनं म्हनून कामी येईन. पोट्टे त्याले भेटाले येतीन, आन तेवढ्यात संत्रं बी खाऊन जातीन.

दोन_पोट्ट्यांची_आई | १५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

दादा, मोठ्याला विचारलं. तो म्हणतो, तिथे त्याला आई आहे का?

नवीन_सदस्य_७७ | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

नमस्कार. मुलगा तीन वर्षांचा आहे. कस्तुरचंद पार्कवर रावणदहनाला न्यावं का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. (धागा पूर्ण वाचलेला नाही.)

झिरोमाईल | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:२२

चारला जा. मात्र पुढच्या वर्षी, दसरा होऊन महिना झाला.

तर्री_जास्त | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

तोवर प्रतापनगरला एक आहे. बारा महिने उघडा, सकाळी दूध-बिस्कीट घेऊन या.